दातिवऱ्याची लोबी

मी बोईसरला खोली घेऊन राहायची आणि पालघरच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची, तेव्हाची ही गोष्ट. सत्तरचं दशक संपत आलं होतं. नोकरी नवी होती आणि उत्साह इतका होता की हजेरी घेतानासुद्धा मला सभेत भाषण केल्यासारखं वाटायचं. आमचं घर देशावरचं, मासळी घरात कधी आली नाही. त्यामुळे पालघरच्या मासळीबाजारावरून जाताना मी नाकाला पदर लावायची आणि पदराआडून सगळं नीट बघून घ्यायची. तिथल्या बायकांची भांडणं ऐकायला मला फार आवडायचं, आणि ती ऐकण्याच्या नादात एकदोनदा माझा तासही बुडाला होता.

अभ्यासक्रमात अमेरिकेची राज्यपद्धती होती. त्यात 'दबावगट' नावाचं एक प्रकरण होतं, जे शिकवताना मागच्या बाकावरची मुलं हमखास डुलक्या काढत. त्या वर्षी मात्र अमेरिका आमच्या उंबऱ्यापर्यंत आली होती. तारापूरच्या अणुभट्टीला लागणारं इंधन तिकडून यायचं आणि ते यापुढे द्यायचं की नाही यावरून तिकडच्या संसदेत वाद पेटला होता. बोईसरच्या पानाच्या टपरीवरसुद्धा तोच विषय. भट्टी थांबली तर कामं जातील का, एवढंच लोकांना जाणून घ्यायचं होतं. वर्गात एकाने मला विचारलं की तारापूर आपलं, भट्टी आपली, मग मतं तिकडे का घेतात. असा प्रश्न विचारणाऱ्या पोराला मी हार घालायचीच बाकी होते.

मग मी सुटले. मी सांगितलं, तिकडे निवडून आलेला माणूस पक्षाने सांगितलं म्हणून हात वर करतोच असं नाही. एकेकाला वेगळं गाठावं लागतं, एकेकाचं मन वळवावं लागतं. म्हणून त्याच्या दाराशी सतत कोणी ना कोणी उभं असतं. इंधन देऊ नका, त्याचे बॉम्ब होतील, म्हणणारे एक. करार केलाय तर शब्द पाळा, म्हणणारे दुसरे. गिऱ्हाईक तोडू नका, म्हणणारे तिसरे. आणि हे काही फक्त तारापूरपुरतं नाही. दूधवाल्यांचा गट आहे, तंबाखूवाल्यांचा आहे, बंदुकीवाल्यांचा आहे, डॉक्टरांचा आहे. ते निवडणुकीला पैसे देतात, कायद्याचा मसुदासुद्धा तयार करून हातात ठेवतात, आणि साहेबांच्या मतदारसंघातले लोक आणून त्यांच्यासमोर बसवतात. पूर्वी हे लोक सभागृहाबाहेरच्या ओसरीवर, म्हणजे लॉबीत, उभे राहून सभासदांना गाठायचे, म्हणून त्यांनाच लॉबी म्हणायला लागले.

शेवटच्या वाक्यावर मी फार खूश होते. एका शब्दात सगळा इतिहास आला असं मला वाटत होतं.

पण आमच्या वर्गात दातिवऱ्याची, केळव्याची, मासवणकडची मुलं होती. 'आम्ही'चं 'आमी' आणि 'लोभी'चं 'लोबी' करणारी. मी 'लॉबी' म्हटलं, त्यांनी 'लोबी' ऐकलं. पंधरा दिवसांनी मी चाचणी घेतली, तर निम्म्या वर्गाने लिहिलं होतं, 'अमेरिकेत लोभी लोक संसदेच्या ओसरीवर उभे राहतात आणि आपल्या मनासारखे कायदे करून घेतात.' मी लाल पेन उचललं आणि तसंच धरून बसले. खोडायचं तरी काय? स्टाफरूममध्ये मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या इतिहासाच्या सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी खुलासा केला, लोभी वेगळा आणि लॉबी वेगळी. सालवडला राहणारा आणि कारखान्यातली पाळी सांभाळून जमेल तेव्हा येणारा एक विद्यार्थी शांतपणे म्हणाला की कंपनीत युनियनवाले मालकांबद्दल आणि मालक युनियनबद्दल 'लोभी' हाच एक शब्द वापरतात. ही लाच नव्हे का, असंही एकीने विचारलं. मी म्हटलं, यावर अमेरिकेतल्या लोकांचंच एकमत नाही, मी काय सांगणार. काहींना ते लोकशाहीचं बळ वाटतं आणि काहींना तिची कीड. एवढं मात्र खरं की ज्यांना एखाद्या गोष्टीची थोडीशी पर्वा आहे असे पुष्कळ लोक एकीकडे, आणि ज्यांचं सगळंच त्यावर अवलंबून आहे असे मोजके लोक दुसरीकडे असले, तर बहुतेक वेळा मोजकेच जिंकतात. पुष्कळांना जेवून झोपायचं असतं.

हे वाक्य मी पुस्तकातून उचललं होतं. ते खरं आहे की नाही हे बघायची वेळ इतक्या लवकर येईल असं मला वाटलं नव्हतं.

आमचं कॉलेज दुपारचं होतं, बारा ते पाच. ते सकाळी सात ते बारा करावं असं व्यवस्थापन समितीच्या मनात आलं. अध्यक्ष जवळच्या माहीमचे बागायतदार, पण राहायला पालघरातच. दुपारी पोरं मोकळी झाली तर वाडीत पाणी लावायला उपयोगी पडतील असं त्यांचं आणि त्यांच्या भाऊबंदांचं म्हणणं. समितीतल्या वकीलसाहेबांना सकाळचं कॉलेज शिस्तीचं वाटायचं. लांबून येणाऱ्या प्राध्यापकांना जेवायला घरी पोचायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. बोईसरला दुपारी जाऊन पंखा लावून ताणून द्यावी, यापेक्षा मोठं सुख तेव्हा मला माहीत नव्हतं. समितीवर प्राध्यापकांचा एक प्रतिनिधी असायचा. ती जागा कोणालाच नको होती, म्हणून मला मिळाली होती. म्हणजे माझं एक मत होतं.

नोटीस लागली त्याच दिवशी दातिवऱ्याची एक मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पहिल्या बाकावर बसायची, वर्गात सगळ्यात जलद बोलायची, आणि बाजारातून थेट येत असल्यामुळे तिच्या मनगटावर कधीकधी माशाचं एखादं खवलं चमकत असायचं. तिची आई पहाटेच्या पहिल्या गाडीने मासळी घेऊन पालघरला यायची. बाजारातल्या ओट्यावर मुलीला बसवायची आणि स्वतः डोक्यावर पाटी घेऊन घरोघर दारावर विकायला जायची. पावणेबाराला पाटी रिकामी करून आई ओट्यावर परतली की मुलगी लिंबाने हात धुऊन कॉलेजकडे पळायची. सगळं घड्याळावर बसवलेलं होतं.

"मॅडम, कालेज सकाळचं झालं तर माजं संपलं," ती म्हणाली. "ओट्यावर कोन बसनार? आय म्हनते, बरं झालं, सुटलीस एकदाची."

एरवी मला बोलू न देणारी ती पोरगी एवढं बोलून मनगटावरचं खवलं नखाने काढत राहिली. मला एकदम रडू आलं आणि लगेच तिच्या आईचा भयंकर रागही आला. त्या क्षणी मी माझ्या दुपारच्या झोपेवर पाणी सोडलं. माझं मत तिचं, असं मी तिला सांगितलंसुद्धा. पण एका मताने काय होतंय? बाकीची सगळी मतं सकाळच्या बाजूला होती.

मग वर्गात जे सुरू झालं त्याला शिकवणं म्हणायचं की धुमाकूळ हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मुलांनी ठरवलं की आपण अमेरिकन पद्धतीने लॉबी करायची. मी खुर्चीवर अमेरिकन सभासद होऊन बसले आणि मुलं एकेक करून मला गाठायला आली. एकाने मला निवडणूक निधी म्हणून वेलची केळी दिली. ती मी तिथेच खाल्ली आणि त्याच्या विरोधात मत दिलं, त्यावर तो खरोखरच चिडला. एकीने माझ्या मतदारसंघातली म्हातारी होऊन इतका गळा काढला की शेजारच्या वर्गावरचे सर बघायला आले. मासवणची मुलं मागे बसून हसत होती. सकाळी सातला पोचायचं तर त्यांना अंधारात घर सोडावं लागलं असतं, पण ती त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीत आणि त्यांना कोणी विचारलंही नाही. त्या आनंदात माझ्याही ते लक्षात आलं नाही.

ठरल्याप्रमाणे मुलांचं शिष्टमंडळ अध्यक्षांच्या घरी गेलं. मी समितीची सभासद, मी जाणं बरं दिसलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सगळे एकाच वेळी बोलत होते, त्यातून मला सगळं कळलं. अध्यक्षांनी प्रेमाने ओटीवर बसवलं, चहा दिला, एकेकाच्या बापाची चौकशी केली. मग दातिवऱ्याची मुलगी उभी राहिली. सगळी भीड सोडून, पाठ केलेलं भाषण विसरून, तिने मुद्द्यालाच हात घातला.

"साहेब, बागायतवाले लोबी हाय. आमी पन लोबी हाय. तुमी दोघांचं ऐका."

अध्यक्ष स्वतः बागायतदार. त्यांच्या ओटीवर त्यांच्याच चहाचे कप हातात घेऊन बसलेल्या पोरांनी त्यांना लोभी म्हटलं होतं. चहा संपायच्या आत शिष्टमंडळ रस्त्यावर होतं.

मला बोलावणं आलं. बाई, तुम्ही पोरांना शिकवता तरी काय, असं त्यांनी विचारलं. मी पदर खोचून बसले आणि त्यांना लॉबी हा शब्द समजावला. ओसरीपासून सुरुवात केली, दूधवाले, तंबाखूवाले, बंदुकीवाले सगळे सांगितले, तारापूरच्या इंधनापर्यंत आणून सोडलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "म्हणजे लोभीच की." मी खोचलेला पदर सोडला आणि निघाले. गुरुवारी बैठक होती आणि सोमवारपासून सकाळचं कॉलेज नक्की होतं.

त्या आठवड्यात मुलगी वर्गात यायची, पण बोलायची नाही. मी मात्र पेटले होते. बैठकीत करायचं भाषण मी बोईसरच्या खोलीत आरशासमोर रोज म्हणून बघायची. त्यात अमेरिकेच्या राज्यघटनेचा उल्लेख होता, शिक्षणाचा हक्क होता, आणि एका जागी मी आवाज खाली आणून थांबणार होते. घरमालकीणबाईंनी दोनदा दार वाजवून विचारलं की कोणी आलंय का.

गुरुवार उजाडला. दातिवऱ्याची मुलगी अर्थातच तिथे येऊ शकत नव्हती, कारण बैठक सकाळी होती आणि ती ओट्यावर होती. तिचं भवितव्य ठरत असताना ती कोणाला तरी मांदेली मोजून देत असणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं. भाषणाला ते बरं पडेल असंही मनात आलं.

अध्यक्षांनी विषय काढला. मी उठायच्या बेतात होते. तेवढ्यात तेच खाकरले आणि म्हणाले की या विषयावर आपण घरी पुन्हा विचार केला. वाडीतलं पाणी काय, माणूस लावूनही देता येईल. पोरांची झोपमोड करण्यात काय अर्थ आहे? मी अर्धवट उठलेली तशीच राहिले. वकीलसाहेब म्हणाले, त्यांच्याही घरून असंच मत पडलंय, शिस्त दुपारीसुद्धा पाळता येते. मग तिसरे बोलले, चौथे बोलले, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात 'घरी' हा शब्द येत होता. समितीतले एक डॉक्टर तेवढे सकाळच्या बाजूने ठाम राहिले. सगळे अचानक असे का फिरले हे त्यांना काही समजेना, आणि मलाही समजेना. मी घाईघाईने म्हटलं की अमेरिकेच्या राज्यघटनेत याबाबत...

"बाई, अमेरिका राहू द्या," अध्यक्ष म्हणाले. "ठराव झाला."

कॉलेज दुपारचंच राहिलं. मला आनंदाने उड्या माराव्याशा वाटत होत्या आणि न केलेल्या भाषणाची हळहळही वाटत होती. दोन्ही एकदम होत असल्यामुळे मी जिना उतरताना वेड्यासारखी हसत होते.

कोडं सुटलं ते दोन दिवसांनी. कापडाच्या दुकानात अध्यक्षांच्या पत्नी भेटल्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की ठराव नक्की झालाय ना, परत फिरवणार नाहीत ना. मी म्हटलं, तुम्हाला एवढी काळजी का? मग त्यांनी सांगितलं. दातिवऱ्याची मावशी, म्हणजे त्याच मुलीची आई, त्यांच्या मागल्या दारी वर्षानुवर्षं मासळी आणते. त्या आठवड्यात कोलंबी सोलून देता देता ती सहज म्हणाली, वहिनी, आता सोमवारपासून माझी वाट बघू नका. पोरगी सकाळची कालेजात जानार, मग ओट्यावर मलाच बसावं लागंल. तुमी बाजारात या. त्या चिखलात, त्या गर्दीत, त्या भावाच्या घासाघिशीत आपण रोज जायचं, या कल्पनेनेच वहिनींचं डोकं फिरलं होतं. वकिलांच्या घरी तर म्हाताऱ्या सासूबाईंना दात नाहीत, त्यांच्यासाठी मावशी बिनकाट्याचा मऊ तुकडा वेगळा काढून आणायची. तिथेही तिने तेच सहज सांगितलं होतं. आणि मग त्या त्या घरात रात्रीच्या जेवणाला काय बोलणं झालं असेल, ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

मी दुकानाच्या पायरीवर बसूनच घेतलं. धमकी नाही, विनंती नाही, नुसती माहिती दिली होती. तीही प्रत्येक सभासदाच्या घरी, मागल्या दाराने, योग्य माणसाच्या कानात. अमेरिकेतले कसलेले लोक ज्यासाठी मोठमोठ्या कचेऱ्या थाटतात ते या बाईने पाटी खाली ठेवल्या ठेवल्या केलं होतं. डॉक्टर का ठाम राहिले, तेही आता कळलं. ते शाकाहारी होते. समितीत मावशीची पाटी जिथे पोचत नव्हती अशी दोनच घरं होती, त्यांचं आणि माझं.

पण मग एक गोष्ट जुळेना. हीच बाई मुलीला म्हणाली होती ना, बरं झालं, सुटलीस एकदाची? मी मुलीला विचारलं तर तिला कशाचाच पत्ता नव्हता. तिला वाटत होतं, हा सगळा तिने ओटीवर केलेल्या भाषणाचा परिणाम. आणि आता नवीनच धास्ती होती. कॉलेज दुपारचं राहिलं, पण आय सोडील तर ना. घरी आई अजून काही बोललेली नव्हती.

सोमवारी मी कॉलेजच्या आधी बाजारात गेले. पदर नाकाला न लावता गेले, हे माझ्या दृष्टीने मोठंच धाडस होतं. मावशी नुकतीच फेरी संपवून परतली होती आणि रिकाम्या पाटीवर पाणी मारत होती. मुलगी ओट्याच्या टोकाला शेवटचं गिऱ्हाईक संपवत होती. मी थेट विचारलं. तुम्हाला मुलीने शिकलेलं नको होतं, मग कॉलेज दुपारचं राहावं म्हणून घरोघर जाऊन हे सगळं का केलंत?

ती हात कमरेवर ठेवून माझ्याकडे बघत राहिली, भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाईकाकडे बघावं तशी.

"पोरीला शिकवायची का घरात ठेवायची, ते मी ठरवीन," ती म्हणाली. "आय मी हाय. त्या कमिटीनं का म्हनून ठरवायचं?"

मला हसू आलं. मी तरीही विचारलं, "मग काय ठरवलंत?"

तिने पाटी भिंतीला उभी केली, पदराने तोंड पुसलं, वर उन्हाकडे पाहिलं आणि ओट्याच्या टोकाकडे वळून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली.

"अगो ऊठ. बारा वाजाय आले. तुजी बाई इथं गप्पा मारते, तिकडं शिकवनार कोन?"

मुलगी लिंबाची अर्धी फोड हातात तशीच धरून उठली, आणि आम्ही दोघी कॉलेजच्या दिशेने पळत सुटलो.